उत्तर जुळलं, पण रीत?

प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातल्या एका भाऊंचा आहे. त्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीला एका सल्लागाराने 'हवामान जोखीम अहवाल' करून दिला. त्यात तीन तक्ते: २०५० पर्यंत उन्हाच्या लाटा वाढतील, अतिवृष्टीचे दिवस वाढतील, गारपीट वाढेल. तिन्हींतले आकडे दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत. भाऊ विचारतात, "उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, मग हे २०५० चं कुठून सांगतात? आमच्याकडे पैसे एकाच कामापुरते आहेत. संत्र्यावर जाळ्या टाकू, शेततळी करू, की अहवाल कपाटात ठेवून देऊ? मॉडेलवर भरोसा करायचा का, हो की नाही, तेवढं सांगा."

हो की नाही एवढ्यात सांगता आलं असतं तर माझंही काम सोपं झालं असतं. मी चौदा वर्षं हेच करते. पुण्यात वातावरणशास्त्र शिकले, आता वर्ध्याला राहून गावांच्या आणि जिल्ह्यांच्या आराखड्यांसाठी हवामान मॉडेलांचा, म्हणजे संगणकावर चालवलेल्या हवेच्या गणिताचा, डेटा तपासून देते. तुमच्या हातात आहे तसले अहवाल बरेच वाचलेत, दोन-तीन लिहिलेही. त्यातल्या एकाची आज लाज वाटते. ते पुढे येईलच.

आधी प्रश्नाची गाठ सोडवू. मे महिन्यातली लाट, जुलै-ऑगस्टमधली अतिवृष्टी आणि फेब्रुवारी-मार्चमधली गार, या तिन्ही आकाशात वेगवेगळ्या घडणीतून येतात. तेच मॉडेल पहिली घडण चांगली उभी करतं, दुसरी अर्धीमुर्धी, आणि तिसरी त्याच्या आवाक्यातच नसते. अहवालात मात्र तिघींना सारख्याच चौकटी, सारखेच रंग आणि सारखेच दशांश मिळतात. म्हणून भरोशाचा प्रश्न प्रत्येक तक्त्याला वेगळा विचारायचा, आणि तो असा: माझं नुकसान करणारी हवा कोणती, आणि ती हवा या मॉडेलात तशीच तयार होते का?

उद्याच्या पावसाचं आधी संपवते. उद्याच्या अंदाजात एक ठराविक कमी दाबाचं क्षेत्र कुठे जाईल हे सांगायचं असतं. २०५० च्या हिशेबात, तीस वर्षांत अशी किती येतील आणि किती जोराची असतील, एवढंच मोजायचं असतं. मृगाचा पहिला पाऊस कोणत्या तारखेला येईल हे तुमच्या आजोबांना सांगता येत नव्हतं, पण रोहिणी लागायच्या आत वखरणी उरकून ठेवायची हे त्यांना पक्कं होतं. हा दाखला आमची मंडळी नेहमी देतात आणि तिथेच थांबतात, ते काही मला पटत नाही. आजोबांचा हिशेब डोळ्यांनी पाहिलेल्या पावसावर बेतलेला होता. मॉडेल आपला पाऊस आपणच तयार करतं. तो नीट तयार होतो का हे तपासल्याशिवाय त्याच्या सरासरीलाही अर्थ नाही.

तयार कसा होतो? मॉडेल पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतं, वर थरावर थर रचतं, आणि प्रत्येक खणातल्या हवेचा दाब, वेग, तापमान, बाष्प यांचं गणित काही काही मिनिटांनी पुढे सरकवत नेतं. आयपीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या) २०२१ च्या अहवालामागची जी मॉडेलं आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा किंवा त्याहूनही मोठा. (पुण्याच्या आयआयटीएम या मान्सून-संशोधन संस्थेचं मॉडेलही त्यांत आहे, भारतातून असा सहभाग पहिल्यांदाच झाला.) विदर्भाचं क्षेत्रफळ साधारण ९७ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे जिल्हे अकरा आणि चौकोन जेमतेम दहा. हजार मीटरच्या वर बसलेलं चिखलदरा आणि पायथ्याचं परतवाडा एकाच चौकोनात येतात, आणि त्या चौकोनाला उंची एक, तापमान एक, पाऊस एक.

गडगडाटी ढग असतो पाच-दहा किलोमीटरचा. शंभर किलोमीटरच्या खणात तो दिसणं शक्यच नाही, म्हणून मॉडेल तिथे ठोकताळा लावतं: खणात बाष्प एवढं आणि हवा एवढी अस्थिर असेल, तर पाऊस एवढा पाडा. या ठोकताळ्यांच्या खोडी आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. मॉडेलचा पाऊस फार वेळा आणि फार हलका पडतो, रोजची आपली रिमझिम. आणि ऊन चढलं की भर दुपारीच पडून मोकळा होतो. आपल्याकडे ढग दुपारी जमतात आणि संध्याकाळी-रात्री कोसळतात, हे कोणताही गुराखी सांगेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोक झोपेत असतानाच घरांत पाणी शिरलं. असला पाऊस शंभर किलोमीटरच्या चौकोनात शोधायला जाऊ नका. सापडणार नाही.

आता तुमचे तक्ते घेऊ. पहिला उन्हाचा, आणि तोच सगळ्यात भक्कम.

एप्रिल-मेमध्ये मध्य भारताच्या वर, कित्येक किलोमीटर उंचीवर, उच्च दाबाचा मोठा घेर ठाण मांडून बसतो. त्याच्याखालची हवा वरून दाबली जाते. दबली की तापते आणि ढग होऊ देत नाही. त्यात राजस्थानकडून कोरडा वायव्य वारा. आणि खाली आपली काळी जमीन, फेब्रुवारीपासून उघडी आणि भेगाळलेली. ओल असती तर उन्हाचा काही भाग ती सुकवण्यात खर्च झाला असता. ओलच नसल्याने सगळं ऊन हवा तापवण्यात जातं. नवतप्यात दुपारी वावरातून अनवाणी चालून पाहिलं तर हे गणित पायाला कळतं. हा उच्च दाबाचा घेर हजार-दोन हजार किलोमीटरचा असतो, त्यामुळे मॉडेलच्या ढोबळ चौकोनांतही तो आरामात मावतो. त्याचं भौतिकशास्त्रही सरळ आहे, ढगांचे ठोकताळे त्यात फार ढवळाढवळ करत नाहीत. म्हणून लाटा वाढतील असं जेव्हा जवळजवळ सगळी मॉडेलं एकमुखाने सांगतात, तेव्हा मी ते मानते.

दिशा मानते, दशांश मानत नाही. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं, हे जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. त्यामागे हवेतल्या धूलिकणांची सावली आणि उत्तरेकडच्या मैदानातलं प्रचंड सिंचन यांचा हात असल्याचं मानलं जातं, आणि सिंचन तर कित्येक मॉडेलांत धरलेलंच नसतं. शिवाय उन्हातही मॉडेलं दगा देतात. पश्चिम युरोपातली उन्हाळ्याची टोकं गेल्या काही दशकांत मॉडेलांनी दाखवलं त्यापेक्षा वेगाने तापली, कारण तिथला वाऱ्यांचा बदललेला नमुना मॉडेलांना धड पकडता आलेला नाही. हवा अडवून धरणारे जे उच्च दाब असतात, ते युरोपाच्या भागात बहुतेक मॉडेलांत कमीच तयार होतात. २९ जून २०२१ ला कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला, तेव्हा आमच्यातले मुरलेले लोकही गप्प झाले होते. तरी आपल्या तीन तक्त्यांत पैज लावायचीच असेल तर मी याच्यावर लावीन.

दुसरा तक्ता पावसाचा. इथे जरा थांबावं लागेल, कारण माझी चूक इथलीच.

विदर्भातली मोठी, सगळीकडे पसरलेली अतिवृष्टी बहुतांशी बंगालच्या उपसागरातून येते. उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरतं आणि छत्तीसगड, मध्य प्रदेशावरून पश्चिम-वायव्येला सरकत जातं. जून ते सप्टेंबरमध्ये अशी सरासरी तेरा-चौदा येतात आणि एकेक तीन ते पाच दिवस टिकतं. त्यांचा सगळ्यात जोराचा पाऊस केंद्राखाली पडत नाही, केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. केंद्र पूर्व मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडच्या वरच्या अंगाला असलं की नैर्ऋत्येला कोण? आपणच. ओडिशात पाऊस सुरू झाल्याची बातमी रेडिओवर ऐकून 'परवापासून झड लागते' म्हणणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांनी हा नियम कुठे वाचलेला नव्हता.

या साखळीत सगळं मार्गावर लटकलेलं असतं. तेच क्षेत्र दोनशे किलोमीटर उत्तरेने गेलं तर पाऊस जबलपूर-सागरकडे आणि वरुडला नुसतं आभाळ. दोनशे किलोमीटर म्हणजे मॉडेलचे दोन चौकोन. त्यात मोठ्या चौकोनांची मॉडेलं अशी क्षेत्रं मुळातच कमी आणि मवाळ तयार करतात. चौकोन लहान केले की चित्र सुधारतं, पण तशी मॉडेलं चालवायला संगणक अफाट लागतो. आणखी एक जुनं दुखणं आहे. बऱ्याच मॉडेलांत मध्य भारतावर मान्सूनचा पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी पडतो आणि विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर जास्त. मॉडेलांच्या तीन पिढ्या झाल्या, ही खोड पूर्ण गेलेली नाही.

तर माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या आराखड्यासाठी मी डझनभर मॉडेलं पारखली. पारख म्हणजे काय, तर गेल्या तीस वर्षांत मॉडेलने दाखवलेल्या अतिवृष्टीच्या दिवसांची संख्या प्रत्यक्ष नोंदींशी जुळते का. एका मॉडेलची संख्या इतकी सुरेख जुळली की मी त्यालाच सगळ्यात जास्त वजन दिलं. अहवाल गेला, बैठकीत कौतुक झालं. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी त्या मॉडेलचे वारे उघडून बसले. सगळ्यात जास्त पावसाचे शे-दीडशे दिवस निवडले, त्या दिवसांचे जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे वारे (आमच्या बोलीत ८५० हेक्टोपास्कलचे) एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली. मग आदल्या दिवसाची काढली, मग त्याच्याही आदल्या दिवसाची. प्रत्यक्ष नोंदींवर हे केलं की अगदी पुस्तकी चित्र मिळतं: दोन दिवस आधी ओडिशाच्या किनाऱ्यापाशी वाऱ्याचा भोवरा, पावसाच्या दिवशी तो छत्तीसगडच्या आसपास, दोन दिवसांनी पश्चिम मध्य प्रदेशात विरत चाललेला.

माझ्या लाडक्या मॉडेलात भोवराच नव्हता. आधी नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. अरबी समुद्राकडून सरळ पश्चिमेचा वारा, चौकोनात साचलेलं बाष्प, आणि ठोकताळ्याने ते एका दिवसात रिकामं केलेलं. शाळेत आमचे गणिताचे सर म्हणायचे, उत्तर जुळलं, पण रीत कुठाय? आणि अर्धे गुण कापायचे. मी पैकीच्या पैकी देऊन बसले होते.

रीत चुकल्याने बिघडतं ते पुढच्या काळाचं उत्तर. ज्या मॉडेलात पाऊस भोवऱ्यातून येतच नाही, त्याला भोवरे वाढतील की घटतील, उत्तरेला सरकतील की नाही, याचा पत्ताच नसतो. काही बारीक चौकोनांच्या अभ्यासांत हे मार्ग पुढच्या काळात उत्तरेला सरकताना दिसतात. तसं झालं तर विदर्भाच्या वाट्याचं गणितच बदलतं. माझ्या त्या मॉडेलला याची खबरही नव्हती आणि तरीही अहवालातला आकडा ठसठशीत होता.

(याच कामात त्याआधी एक वेगळी फजिती झाली होती. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहितात. मॉडेलचा दिवस बहुधा ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि तारीख सुरुवातीची घेतात. मी तारखा तशाच्या तशा जुळवल्या आणि प्रत्यक्ष नोंदींतला भोवरा एक दिवस पुढे पळालेला दिसला. दोन दिवस मी काहीतरी नवीन सापडल्याच्या आनंदात होते.)

पावसाच्या तक्त्यात खरं तर दोन वाटे मिसळलेले असतात. एक बाष्पाचा. हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हे भौतिकशास्त्र आहे, मॉडेल कोणतंही घ्या. म्हणून पाऊस पडायची वेळ आली की तो जास्त जोरात पडेल, हे मी निर्धास्त सांगते. दुसरा वाटा वाऱ्यांचा: पाऊस आणणारी घडण किती वेळा येईल, कुठून जाईल. इथे मॉडेलांचं आपसातच जमत नाही. २०२२ चं उदाहरण बोलकं आहे. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या गटाने त्या वर्षी मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णता अभ्यासली आणि हवामान बदलामुळे तशा लाटेची शक्यता साधारण तीस पट वाढल्याचं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी पाकिस्तानात महापूर आला, तेव्हा त्याच गटाला लिहावं लागलं की तिथला पाऊस मॉडेलांना नीट उभा करता येत नाही, त्यामुळे बदलाचा नेमका वाटा ठामपणे सांगता येत नाही. उन्हावर ठाम, पावसावर चाचपडत, हाच आमच्या शास्त्राचा आजचा मुक्काम आहे.

पण मॉडेलं चाचपडतात म्हणजे काही बदललेलंच नाही, असा अर्थ काढू नका. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, असं आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात २०१७ मध्ये दिसलं, आणि विदर्भ त्या चौकटीत येतो. हा मोजलेला पाऊस आहे, मॉडेलचा नव्हे.

तुमच्या तक्त्यात आणखी एक जागा तपासा: 'अतिवृष्टीचा दिवस' कशाला म्हटलंय? आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात. ते एका पर्जन्यमापकाचं माप झालं. मॉडेलचे ६५ म्हणजे दहा हजार चौरस किलोमीटरची सरासरी, अख्ख्या अमरावती जिल्ह्याच्या जवळपास. एवढ्या मुलखाची सरासरी ६५ आली तर मधल्या काही मंडळांत दोनशेच्या वर गेलेला असणार. नाव एकच, घटना दोन. मी पाहिलेल्या निम्म्या अहवालांत हा फरक कुठे लिहिलेलाच नव्हता.

पावसातल्या खंडाचा तक्ता तुमच्या अहवालात नाही. खरं तर कोरडवाहूवाल्याला तोच आधी हवा. मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबलचक पट्टा, हिमालयाच्या पायथ्याला सरकला की आपल्याकडे दोन-तीन आठवडे उघाड पडते. ही मागे-पुढे होणारी लय पकडणं बऱ्याच मॉडेलांना जड जातं. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि पुढच्याच महिन्यात नागपूर बुडालं. वर्षाची बेरीज पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

तिसरा तक्ता, गारपिटीचा. हा मी फाडून ठेवा म्हणणार नाही, पण त्याच्यावर पैसा लावू नका.

आपल्याकडे गार येते ती थंडी सरता सरता. वर पश्चिमी वाऱ्यांतला थंड हवेचा द्रोण (कमी दाबाचा खोलगट पट्टा) उत्तरेकडून खाली लांबतो, खाली समुद्राकडून दमट वारा येतो, आणि दोन्ही विदर्भ-मराठवाड्यावर भेटतात. हवामान खात्याच्या पत्रकात 'विदर्भापासून तमिळनाडूपर्यंत द्रोणीय रेषा' असं वाचलंत की छातीत धस्स होतं ते याचमुळे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ही भेट इतके दिवस होत राहिली की महाराष्ट्रभर हरभरा, गहू आणि फळबागा झोपल्या. मोठा द्रोण मॉडेलला दिसतो. गार मात्र ज्या ढगात होते तो काही किलोमीटरचा, आणि गारांचा पट्टा एखाद-दोन गावांच्या शिवाराएवढा. धुऱ्याच्या अलीकडे बाग सोललेली आणि पलीकडे पान हललेलं नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. जागतिक मॉडेल गार बनवतच नाही. तक्ता करणारे मग वळसा घेतात: हवेत वर उसळायची ताकद किती, वर-खालच्या वाऱ्यांच्या वेगात फरक किती, शून्य अंशाची पातळी किती उंचीवर, यावरून 'गारेला पोषक दिवस' मोजतात. आता हवा तापली की उसळायची ताकद वाढते, पण शून्य अंशाची पातळीही वर जाते, म्हणजे बारीक गार खाली येईपर्यंत वितळते आणि मोठी तेवढी टिकते. कमी वेळा पण मोठी गार, असंही होऊ शकतं. वरुड तालुक्यासाठी यांतलं काय खरं ठरेल, हे दोन दशांशांपर्यंत लिहिणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं.

त्याहून मोठी अडचण अशी की ताडून पाहायला नोंदच नाही. पावसाला मापक आहे, उन्हाला तापमापी आहे. गारेची नोंद बहुधा पंचनाम्यातच होते, आणि पंचनामा पीक उभं असेल तिथेच होतो. रिकाम्या वावरात पडलेली गार कोणत्याच कागदावर येत नाही.

तुमचा सल्लागार कदाचित म्हणेल की आमचा डेटा शंभर किलोमीटरचा नाही, पंचवीसचा आहे. असेल. नासाचा असा पंचवीस किलोमीटरचा संच फुकट मिळतो आणि बहुतेक अहवाल त्यावरच होतात. मीही वापरते. पण तो कसा बनतो ते समजून घ्या: मोठ्या चौकोनाचे आकडे घेऊन जुन्या नोंदींच्या मदतीने त्यांची सरासरी आणि चढउतार दुरुस्त करायचे आणि लहान चौकोनांत वाटायचे. यात भोवरा नव्याने तयार होत नाही. उलट दुरुस्तीनंतर सगळ्याच मॉडेलांचे जुने आकडे सुरेख जुळतात, म्हणजे रीत चुकलेलं मॉडेल ओळखायची सोयच जाते. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या मॉडेलच्या पोटात आपल्या भागाचं बारीक मॉडेल चालवायचं. ते डोंगर, घाट चांगले पकडतं, पण त्याच्या सीमेवरून आत येणारी हवा मोठ्या मॉडेलचीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता तुमचे पैसे. तुमची जमीन, विहिरीचं पाणी, बागेचं वय, कर्ज हे मला माहीत नाही, त्यामुळे पुढचं त्या हिशेबाने घ्या.

उन्हाचा तक्ता खरा धरून चाला. आंबिया बहाराची (थंडीअखेर फुलणाऱ्या) फळगळ एप्रिल-मेच्या उन्हात होते, म्हणून त्या दोन महिन्यांत आळ्यात ओल टिकवायला जे लागेल त्याला पहिला मान: आच्छादन, ठिबक, आणि पाणी साठवायची सोय. शेततळ्याचा पक्ष इथे जड होतो, कारण खंडातही तेच कामी येतं आणि पावसाचा तक्ता कोणत्याही बाजूने चुकला तरी ते वाया जात नाही. फक्त सांडवा जुन्या मापाचा ठेवू नका, मोठा काढा. बाष्पाचा वाटा नक्की वाढणार आहे. बागेत चर काढून पाण्याला वाट द्या. जोराच्या पावसात दोन दिवस पाणी तुंबलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येतो, त्याला २०५० ची वाट पाहायची गरज नाही.

जाळ्यांचा निर्णय अहवालावरून घेऊ नका, गावाच्या आठवणीवरून घ्या. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या) तयार फळं फेब्रुवारी-मार्चला झाडावर असतात, म्हणजे गारेच्या तोंडी आधी तीच. तुमच्या सभासदांपैकी मृग किती जण घेतात ते मोजा. थोडे असतील तर सगळ्यांच्या पैशाने जाळ्या हा भांडणाचा विषय होईल. फळपीक विम्यात त्यांच्या बहाराला गारपिटीचं संरक्षण मिळतं का ते आधी पाहा, मुदत आणि हप्ता दोन्ही.

सल्लागाराला फोन करून एवढं विचारा: किती मॉडेलं घेतली आणि त्यांतली किती वाढ दाखवतात, किती घट? नुसती सरासरी देऊ नका म्हणावं. एकाच मॉडेलची सुरुवात केसभर बदलून पुन्हा चालवली तरी एका तालुक्याचा तीस वर्षांचा कल उलटा येऊ शकतो, तेव्हा अशा किती चाली पाहिल्या? आणि शेवटचं, अतिवृष्टीच्या दिवशी तुमच्या मॉडेलात भोवरा कुठे होता? पहिल्या दोन्हींची उत्तरं तो शोधून देईल. तिसऱ्याला तो थबकला तर त्याला ओरडू नका, मीही थबकले असते.

तलाठी कार्यालयातून गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या गारपीट आणि अतिवृष्टीच्या पंचनाम्यांच्या तारखा काढून इथेच टाका. त्या दिवसांचे वारे उघडून पाहायला मला एखादी संध्याकाळ पुरते. पावसाच्या तारखा सकाळी साडेआठच्या मापाच्या आहेत की आदल्या दिवसाच्या, तेवढं मात्र विचारून लिहा.